फुप्फुसीय उच्च रक्तदाब: अ‍ॅक्टा२ वाढलं म्हणजे नक्की काय वाढलं?

निळी_शाई

फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढणं. त्यावरचा बल्क आरएनए-सीक्वेन्सिंगचा (अख्ख्या ऊतकातल्या जनुकांचे संदेश एकत्र मोजण्याचा) कुठलाही पेपर उघडा, यादी जवळपास पाठ असते. अ‍ॅक्टा२, एमवायएच११ (दोन्ही स्मूथ मसलची, म्हणजे धमनीच्या भिंतीतल्या स्नायूची) आणि कोलॅजेनची जनुकं वर. बीएमपीआर२ (कौटुंबिक प्रकारात ज्यात दोष सापडतो ते जनुक), सीडीएच५, केसीएनए५ खाली. मग चर्चेत सरळ वाक्य येतं, 'स्मूथ मसलच्या जनुकांची अभिव्यक्ती वाढली'.

पण फुप्फुसाचा अख्खा तुकडा दळून आरएनए काढला असेल तर दोन शक्यता उरतात. एक, प्रत्येक स्मूथ मसल पेशी जास्त अ‍ॅक्टा२ बनवतेय. दुसरी, पेशी पूर्वीइतकंच बनवतायत, पण धमनिकांच्या भिंती जाड झाल्यामुळे त्या पेशींचीच संख्या वाढलीय. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसणार.

समजा प्रयोग असा आहे: सुजेन-हायपॉक्सियाचे (सुजेन हे औषध आणि कमी ऑक्सिजन देऊन आजार आणलेले) ८ रॅट, ८ कंट्रोल, उजव्या फुप्फुसाचा आरएनए. या दोन शक्यता वेगळ्या काढायला नेमकं काय काय करावं लागेल? आणि पेपरमध्ये काय लिहिणं प्रामाणिक ठरेल?

तळटीप

दुसरी शक्यता. बहुतेक वेळा दुसरीच. पुढचा प्रश्न.

गाळणी

तळटीपराव, इतकं झटपट नको. आधी हिशेब मांडू.

निरोगी फुप्फुसात स्मूथ मसल पेशी १०० पैकी ३ धरा आणि आजारात ६. प्रत्येक पेशीतलं अ‍ॅक्टा२ तसूभरही बदललेलं नाही. तरी बल्कमध्ये अ‍ॅक्टा२ दुप्पट दिसेल, म्हणजे लॉग२ फोल्ड चेंज (किती पट बदल, दोनच्या घातांकात) १. बहुतेक जण जी चाळणी लावतात, ती बरोब्बर ओलांडली जाते. उलट बाजूला एंडोथेलियल पेशी (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या) ३० वरून २१ वर आल्या, तर फक्त त्यांच्यातच असणारं प्रत्येक जनुक ३०% घटलेलं दिसेल, लॉग२ मध्ये सुमारे उणे ०.५. (आकडे हिशेबासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत.)

आता उपयोगाची गोष्ट. फक्त एंडोथेलियममध्ये चालणाऱ्या वीसपंचवीस जनुकांची यादी घ्या: सीडीएच५, पीईकॅम१, टीआयई१, टीईके, ईआरजी वगैरे. त्यांचे फोल्ड चेंज एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. सगळे उणे ०.५ च्या आसपास घोळका करून बसले असतील, तर पेशी कमी झाल्यात एवढंच कळलं. त्याच यादीतलं एखादं उणे १.५ वर एकटं पडलं असेल, तर त्याच्याकडे बघा. नियंत्रण बदललं असेल तर तिथं.

बीएमपीआर२ या यादीत घालू नका. ते एंडोथेलियममध्ये भरपूर असलं तरी स्मूथ मसल आणि इतर पेशींतही असतं. 'सीडीएच५ ने भागून टाका' हा जो तोडगा सुचवला जातो, तो बीएमपीआर२ साठी चालत नाही.

उंदीरशास्त्री

आरएनएपर्यंत पोचायच्या आधीच निम्मे प्रयोग गेलेले असतात, म्हणून मी मागून सुरू करतो.

मॉडेल: एसयू५४१६ चा (हेच ते सुजेन) २० मिग्रॅ प्रति किलो एकच डोस त्वचेखाली, मग ३ आठवडे १०% ऑक्सिजन, मग साध्या हवेत. हे औषध विरघळत नाही, सस्पेन्शन असतं. नेहमीचा व्हेइकल (औषध ज्यात कालवतात ते द्रव) म्हणजे ०.५% कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, ०.९% मीठ, ०.४% पॉलिसॉर्बेट ८०, ०.९% बेन्झाइल अल्कोहोल. दर वेळी सिरिंज भरण्याआधी बाटली हलवली नाही, तर औषध तळाला बसतं. पहिल्या रॅटला नुसतं पाणी, शेवटच्याला दुप्पट. मग 'प्राण्यांमध्ये फार तफावत आली' असं लिहायचं!

१०% ऑक्सिजन हा आकडाही एकटा लिहू नये. समुद्रसपाटीला श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब (७६० − ४७) × ०.१० = ७१ मिमी. उंचावर जिथं हवेचा दाब ६३० मिमी आहे तिथं तोच १०% म्हणजे ५८ मिमी. दोन प्रयोगशाळांचे 'सारखे' प्रोटोकॉल इथंच वेगळे होतात.

फुप्फुस काढताना: रॅटचं डावं फुप्फुस एकच खंड असतं, उजव्याचे चार. डावा अलिंद कापून उजव्या जवनिकेतून थंड पीबीएस सोडा, फुप्फुस पांढरं होईपर्यंत. रक्त राहिलं तर हिमोग्लोबिनची जनुकं रीड्सचा मोठा वाटा खाऊन टाकतात. उजवा मुख्य ब्रॉन्कस दोऱ्यानं बांधा, उजवे खंड कापून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. डाव्या फुप्फुसात २५ सेंमी पाण्याच्या दाबानं फॉर्मॅलिन भरा, ते हिस्टॉलॉजीला. एकाच प्राण्यातून दोन्ही मिळतं. निळी_शाई यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या जोडीत आहे, कारण भिंतीची जाडी मोजलेली असेल तरच आरएनएचा आकडा कशाशी ताडून बघता येईल.

आणि हो, आरएनएची अखंडता मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. अखंडतेचा आकडा १० पैकी ७ च्या खाली असलेला नमुना बाद.

मधली_सुट्टी

मी फक्त वाचायला आलोय. पण 'पहिल्या रॅटला नुसतं पाणी' हे वाचून कटिंग चहाच्या पातेल्याची आठवण झाली. साखर नेहमी शेवटच्या ग्लासात.

काचपट्टी

उंदीरशास्त्रींच्या यादीत एक भर, ही सर्रास राहून जाते. रॅट चेंबरमधून बाहेर काढायचा, आयसोफ्लुरेन १००% ऑक्सिजनवर लावायचं, तासभर कॅथेटर करायचं आणि मग फुप्फुस गोठवायचं, असा क्रम असतो. हिफ-१ अल्फा हे ऑक्सिजन कमी पडल्यावर जनुकं चालू करणारं प्रथिन, ते ऑक्सिजन मिळाल्यावर काही मिनिटांत नष्ट होतं. त्याच्या तालावर चालणारे व्हीईजीएफए, पीडीके१ यांचे संदेशही काही तासांत ओसरू लागतात. म्हणजे हायपॉक्सियाची सही पुसून मग ती शोधत बसायचं.

सलग हायपॉक्सियाच्या गटासाठी आरएनएचे प्राणी आणि कॅथेटरचे प्राणी वेगळे ठेवावेत, किंवा फुप्फुस काढेपर्यंत श्वासातला ऑक्सिजन तसाच कमी ठेवावा. सुजेन-हायपॉक्सियात शेवटचे आठवडे साध्या हवेतच जातात, तिथं हा प्रश्न कमी. पण मग त्या नमुन्यांत हायपॉक्सियाची सही सापडली नाही म्हणून नवल करू नये!

सांजवारा

माझा प्रश्न बालवाडीतला आहे, सांभाळून घ्या. दंडावर मोजतो तो बीपी आणि हा, यांचा काही संबंध? आणि नळी जरा जाड झाली तर एवढा गहजब का?

दुसरी_ओपीडी

सांजवाराताई, बालवाडी वगैरे काही नाही, या प्रश्नावर परीक्षेत माणसं अडकतात.

संबंध जवळपास नाही. दंडावरचा दाब डाव्या जवनिकेचा, शरीरभरच्या धमन्यांतला. इथं उजवी जवनिका फुप्फुसात रक्त ढकलते तिथला दाब. तो दंडावरून कळत नाही, इकोवरून अंदाज येतो आणि निदान पक्कं होतं उजव्या हृदयाच्या कॅथेटरनं. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सरासरी फुप्फुसीय धमनी दाब २० मिमीपेक्षा जास्त म्हणजे फुप्फुसीय उच्च रक्तदाब (पूर्वी ही रेघ २५ ला होती). धमन्यांचाच आजार म्हणायचं असेल, तर वेज दाब (कॅथेटरनं मोजलेला डाव्या हृदयाकडचा दाब) १५ किंवा त्याखाली आणि रोध २ वुड युनिटपेक्षा जास्त हवा.

रोध = (सरासरी दाब − वेज दाब) ÷ हृदयाचं मिनिटाचं उत्पादन. दाब ५२, वेज १०, उत्पादन ३.५ लिटर, तर ४२ ÷ ३.५ = १२ वुड युनिट. आजार चांगलाच पुढे गेलेला.

गहजब त्रिज्येच्या चौथ्या घातामुळे. नळीची त्रिज्या २०% घटली तर रोध सुमारे २.४ पट, निम्मी झाली तर १६ पट. पण फुप्फुसात राखीव वाहिन्या इतक्या असतात की काही बंद पडल्या तर बाकीच्या उघडून भार घेतात. म्हणून विश्रांतीतला दाब वाढेपर्यंत वाहिन्यांच्या जाळ्याचा मोठा हिस्सा गेलेला असतो. आजार उशिरा कळतो तो यामुळे, आणि प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुप्फुसातून सुरुवातीचं जनुक शोधणं अवघड जातं तेही यामुळेच.

गाळणी

दुसरी_ओपीडी यांचं शेवटचं वाक्य अधोरेखित. माणसांच्या डेटात आणखी तीन सापळे आहेत.

कंट्रोल कुठून येतात? एक तर प्रत्यारोपणासाठी नाकारलेली दात्याची फुप्फुसं, म्हणजे मेंदूमृत, व्हेंटिलेटरवरच्या माणसाची. तिथं न्यूट्रोफिलांची गर्दी असू शकते. मग आजारात 'एस१००ए८, एस१००ए१२ घटले' असं दिसतं, आणि प्रत्यक्षात ते कंट्रोलमध्ये वाढलेले असतात. नाही तर कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतला 'निरोगी' कडेचा तुकडा, तो बहुधा साठीच्या धूम्रपान करणाऱ्याचा.

दुसरं, रुग्णांत स्त्रिया जास्त. वरच्या वीस जनुकांत एक्सआयएसटी (स्त्रियांत चालू असणारं) किंवा आरपीएस४वाय१ (वाय गुणसूत्रावरचं) दिसलं, तर गट लिंगाच्या बाबतीत जुळवलेले नाहीत, थांबा.

तिसरं, रुग्ण प्रोस्टासायक्लिनवर असतात. आजाराची सही आणि औषधाची सही एकात एक मिसळलेली, आणि औषधाविना असलेला शेवटच्या टप्प्यातला रुग्ण मिळणार नाही.

जिलबीवाला

एवढं सगळं असून 'सार्वजनिक डेटा उचला, दोन संच जोडा, जनुकांचं जाळं काढा, दहा हब जनुकं (जाळ्यात सगळ्यात जास्त जोडलेली) जाहीर करा' या जिलब्या पडतायतच. प्रत्येक वेळी वेगळी दहा जनुकं. पाक मात्र तोच.

सूतकताई

जिलबीवाले, खिक्! तरी एक सांगते, सगळाच दोष जाळ्याचा नाही. दोन संच जोडताना बॅच दुरुस्ती (वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी मोजल्यामुळे आलेला फरक काढणं) कशी करतात तिथं गोम असते. एका संचात बहुतेक रुग्ण आणि दुसऱ्यात बहुतेक कंट्रोल असतील, तर बॅच आणि आजार एकच होतात. ते कुठल्याही गणितानं सुटत नाही, दुरुस्ती केली तर आजारही पुसला जातो. संच न जोडता प्रत्येकात स्वतंत्र विश्लेषण करून परिणाम मेटा-अ‍ॅनालिसिसनं एकत्र आणणं बरं. आणि दोन संचांत तेच नमुने पुन्हा वापरलेत का, हेही बघून घ्यावं.

अर्धवट_आरएनए

सगळे बल्कवरच बसलेत. सिंगल सेल करा की! प्रत्येक पेशीचं वेगळं मोजलं की संख्या आणि अभिव्यक्ती आपोआप सुटी होतात. धागा संपला.

गाळणी

अर्धवटराव, धागा आत्ता कुठं सुरू झाला.

सिंगल सेलमध्ये संख्या तर मुळीच विश्वासार्ह नसते. ३७ अंशांवर एन्झाइमनं ऊतक सोडवताना कोण सुटतं? मॅक्रोफेज, लिम्फोसाइट, केशिकांच्या एंडोथेलियल पेशी. ज्या जाड, तंतुमय भिंतीसाठी हा सगळा खटाटोप, तिथल्या स्मूथ मसल पेशी आत अडकून राहतात. आजारात भिंत आणखी कडक, म्हणजे त्या आणखीच कमी सुटणार. संख्या उलटीसुद्धा दिसू शकते. शिवाय ३७ अंशांवर तासभर ठेवलं की एफओएस, जेयूएन, ईजीआर१, एचएसपीए१ए ही ताणाची जनुकं सगळीकडे पेटतात. तो आजार नसतो, भांडं गरम असतं.

गोठवलेल्या ऊतकातून सिंगल न्यूक्लियस केलं तर स्मूथ मसल आणि फायब्रोब्लास्टचा वाटा सुधारतो, गरम करायचंही टळतं. बदल्यात प्रत्येक केंद्रकातून कमी जनुकं मिळतात आणि इंट्रॉनचे रीड्स धरून मोजावं लागतं.

सूतकताई

आणि आकडेशास्त्र! ३ आजारी, ३ निरोगी प्राणी, प्रत्येकी ७,००० पेशी. मग पेशी हाच नमुना धरून चाचणी लावतात आणि पी व्हॅल्यू दशांशानंतर चाळीस शून्यं घेऊन येते. एन हा ३ च आहे, २१,००० नाही. एका प्राण्यातल्या एका प्रकारच्या पेशींची बेरीज करून स्यूडोबल्क करा, मग नेहमीच्या बल्कसारखं डीईसेक२ किंवा एजआर ही साधनं चालवा. यादी बरीच आखडते. आखडली म्हणून नाराज होऊ नये.

काचपट्टी

याच ओघात एंडोथेलियल पेशींचं मेसेन्कायमल रूपांतर (अस्तराच्या पेशींनी स्नायू-तंतूंच्या पेशींसारखं होणं), ज्याचा सिंगल सेलमध्ये फार बोलबाला असतो. 'पीईकॅम१ आणि अ‍ॅक्टा२ दोन्ही असलेल्या पेशी सापडल्या, हेच ते रूपांतर.' थांबा. थेंबावर चालणाऱ्या पद्धतीत १०,००० पेशी मिळवल्या तर साधारण ८% थेंबांत दोन पेशी एकत्र सापडतात. एक एंडोथेलियल आणि एक स्मूथ मसल एकाच थेंबात बसली, की झालं रूपांतर!

तपासायचं कसं? त्या पेशींचा एकूण यूएमआय आकडा (मोजलेले आरएनए रेणू) शेजाऱ्यांच्या दुप्पट आहे का बघा. डब्लेट (एका थेंबातल्या दोन पेशी) शोधणारी साधनं चालवा, पण त्यांवर विसंबू नका. पेशींबाहेर तरंगणारा आरएनए वजा करा. फुप्फुसात एसएफटीपीसी (वायुकोशाच्या पेशींचं जनुक) प्रत्येक थेंबात गळतं, ते तुमच्या एंडोथेलियममध्ये दिसत असेल तर अ‍ॅक्टा२ ही तसंच गळलेलं असू शकतं. खरी मधली अवस्था असेल तर ट्विस्ट१, स्नेल यांसारखे नियामक जागे झालेले दिसायला हवेत आणि सीडीएच५ उतरणीला लागलेलं हवं. निर्णायक पुरावा म्हणजे माउसमध्ये सीडीएच५-क्रेनं पेशींना आधीच खूण करून त्यांचा माग काढणं. निदान काचपट्टीवर एकाच पेशीत दोन्ही प्रथिनं कॉन्फोकलखाली दाखवा, तेही झेड अक्षावर. नाहीतर एकावर एक बसलेल्या दोन पेशीच दिसतात.

अर्धवट_आरएनए

बरं बाबा. शस्त्रं खाली ठेवली.

तळटीप

मूळ मुद्द्यावर माझी हरकत आहे. 'पेशींची संख्या बदलली' म्हणजे जणू ती चूक आहे, ती वजा करून खरं शोधायचं, असा सूर इथं लागलाय. अहो, संख्या बदलणं हाच आजार आहे! ज्या धमनिकांना निरोगी माणसात स्नायूचा थर नसतोच, त्यांना तो येतो. मधला थर जाड होतो, आत निओइंटिमा (एक नवा थर) तयार होतो, बाहेरचा थर तंतूंनी भरतो, लहान वाहिन्या नाहीशा होतात, आणि माणसांत प्लेक्सिफॉर्म गुंते दिसतात. १९५८ सालच्या हीथ-एडवर्ड्स वर्गीकरणात हे सहा पायऱ्यांत मांडलंय. १९९८ मध्ये तर प्राथमिक प्रकारातल्या गुंत्यांमध्ये एंडोथेलियल पेशी एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या दिसल्या, दुय्यम प्रकारात तसं नव्हतं. ही सगळी संख्येचीच गोष्ट आहे. अ‍ॅक्टा२ चा आकडा ती सांगत असेल तर बिघडलं कुठं?

काचपट्टी

बिघडलं इथं की संख्या मोजायला जनुक हा महागडा आणि वाकडा मार्ग आहे. अ‍ॅक्टा२ श्वासनलिकांच्या स्नायूत असतं, मायोफायब्रोब्लास्टमध्येही असतं. तुमच्या तुकड्यात मोठा ब्रॉन्कस आला की अ‍ॅक्टा२ वाढलंच. संख्या हवी तर काचपट्टीवर मोजा:

सलग कापावर अल्फा-एसएमए (स्नायूसाठी) आणि व्हीडब्ल्यूएफ (एंडोथेलियमसाठी) अशी दुहेरी रंगवणी. वाहिन्या बाह्य व्यासाप्रमाणे वेगळ्या: २० ते ५०, ५० ते १००, १०० मायक्रॉनच्या वर. सगळ्यांची सरासरी एकत्र काढली तर फरक बुडतो, कारण खरी घडामोड ५० च्या खाली असते. प्रत्येक वाहिनी स्नायूविरहित, अर्धवट स्नायुयुक्त की पूर्ण स्नायुयुक्त ते नोंदवा. मधल्या थराची जाडी टक्क्यांत: २ × भिंतीची जाडी ÷ बाह्य व्यास × १००. तिरपी कापली गेलेली वाहिनी भिंत जाड दाखवते, ती सोडून द्या. लांब व्यास आखूड व्यासाच्या दीडपट झाला की बाद, असा काहीतरी नियम आधीच लिहून ठेवा. मोजणाऱ्याला गट माहीत नको.

आणि आकुंचनाचं काय? आकसलेली धमनी फॉर्मॅलिनमध्ये तशीच गोठली, तर निरोगी भिंतही जाड दिसते. फिक्स करण्याआधी पॅपावेरिनसारखं वाहिनी सैल करणारं द्रव्य सोडलं तर हा गोंधळ कमी होतो. नाहीतर इलॅस्टिन रंगवून लवचीक पडद्याचा परीघ मोजा. पडदा सुरकुतला तरी त्याची लांबी फारशी बदलत नाही.

पिपेटसम्राट

क्यूपीसीआरवाल्यांसाठी (एकेक जनुकाचा संदेश सायकलींनी वाढवून मोजणाऱ्यांसाठी) एक सूचना, कारण बीएमपीआर२ 'निम्मं झालं' हा दावा बहुतेक वेळा क्यूपीसीआरवरच उभा असतो.

संदर्भ जनुक (स्थिर धरून बाकीची ज्याच्याशी ताडायची ते) म्हणून जीएपीडीएच वापरलंय का ते आधी बघा. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं जनुक, हिफच्या हुकमातलं. हायपॉक्सियात ते स्वतःच वाढतं. ते एका सायकलनं लवकर आलं, म्हणजे दुप्पट झालं, तर बाकी प्रत्येक जनुक कागदावर निम्मं होतं. बीएमपीआर२ जागच्या जागी असतं. अ‍ॅक्टबी घ्यावं तर ते पेशीच्या सांगाड्याचं, भिंतीच्या फेरबदलात तेही हलतं. बी२एम इंटरफेरॉननं वाढतं. १८एस इतकं मुबलक की सौम्य बदल त्यात दिसतच नाहीत. एचपीआरटी१, टीबीपी, आरपीएलपी० असे चारपाच उमेदवार तुमच्याच नमुन्यांवर चालवा, त्यातली स्थिर दोन-तीन निवडा आणि त्यांची भौमितिक सरासरी घ्या. प्राइमरची कार्यक्षमता पातळ करत नेलेल्या नमुन्यांवर तपासा. उतार उणे ३.३२ च्या जवळ हवा.

दुसरं, बीएमपीआर२ चा संदेश मोजून थांबू नका. मिर-१७-९२ हा सूक्ष्म-आरएनएंचा समूह आणि लायसोसोममधलं विघटन यामुळे संदेश तेवढाच असून प्रथिन कमी असू शकतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनाची पट्टी साखरेच्या साखळ्यांमुळे १५० किलोडाल्टनच्या आसपास धावते. अँटीबॉडी बऱ्याच बेभरवशाच्या असतात, म्हणून एसआयआरएनएनं बीएमपीआर२ दाबलेली एक लेन हवीच. तिथली पट्टी फिकी झाली नाही तर ती बीएमपीआर२ ची नव्हेच. आणि कामाचा पुरावा म्हणून या मार्गातले पुढचे पी-स्मॅड१/५ आणि आयडी१ मोजा.

सूतकताई

पिपेटसम्राट, आयडी१ साठी पेशी उपाशी ठेवण्याचंही सांगा की.

पिपेटसम्राट

राहिलंच. एंडोथेलियल पेशींना बीएमपी९ (बीएमपीआर२ चा मार्ग चालू करणारं प्रथिन) देऊन आयडी१ ची उसळी बघायची असते. पण सीरममध्ये बीएमपी९ आधीच असतं. पूर्ण सीरममध्ये प्रयोग केला तर मार्ग आधीच पेटलेला, वरून १ नॅनोग्रॅम टाकून काही हलत नाही. सीरम ०.१ ते ०.२% वर आणून रात्रभर ठेवा, मग १ ते ५ नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि आयडी१ तासा-दोन तासांतच मोजा. २४ तासांनी मोजून 'प्रतिसाद नाही' म्हणू नका. स्मूथ मसलसाठी बीएमपी४ घेतात. प्राथमिक पेशी सहाव्या पॅसेजच्या (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या) पुढे नेऊ नका, भरपूर सीरममध्ये वाढवत राहिलं की त्या आकुंचनाची जनुकं टाकून देतात. मग रुग्णाची पेशी आणि निरोगी पेशी यांतला फरक आजाराचा की पॅसेजचा, कोण सांगणार?

सांजवारा

वाचतेय. बरंचसं डोक्यावरून गेलं, तरी एक विचारते. बीएमपीआर२ मध्ये दोष असलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो का?

दुसरी_ओपीडी

नाही. बीएमपीआर२ चा संबंध २००० साली दोन गटांनी दाखवला. कौटुंबिक प्रकारात सुमारे ७० ते ८०% घराण्यांत त्यात दोष सापडतो. पण दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४२% आणि पुरुषांपैकी सुमारे १४% जणांनाच आयुष्यात आजार होतो.

का, याचं एक उत्तर या धाग्याशी जुळणारं आहे. दोष एका प्रतीत असतो, दुसरी प्रत निरोगी. निरोगी प्रतीतून किती संदेश बनतो ते माणसागणिक वेगळं असतं, आणि आजार न झालेल्या वाहकांत तो जास्त आढळलाय. म्हणजे इथं अभिव्यक्ती आजाराच्या आधीची आहे, भिंत जाड झाल्याचा परिणाम नाही. तळटीप यांना ही माझी हरकत: सगळंच संख्येवर ढकलता येणार नाही.

जाता जाता, जनुक चाचणीबद्दल. नुसतं सीक्वेन्सिंग पॅनल 'निगेटिव्ह' आलं म्हणून बीएमपीआर२ सुटलं असं नाही. अख्खा एक्सॉन गाळला किंवा दुप्पट झाला असेल तर साध्या पॅनलमध्ये तो निसटू शकतो, एमएलपीए (एक्सॉनच्या प्रती मोजणारी चाचणी) लागतं. आणि ईआयएफ२एके४ च्या दोन्ही प्रतींत दोष असेल तर आजार शिरांकडचा असतो, त्यात धमन्या सैल करणारी औषधं फुप्फुसात पाणी भरवू शकतात. ते कागदावर आलं की उपचाराची दिशाच बदलते.

तळटीप

हरकत मान्य, अर्धी. निरोगी प्रतीचा तो आकडा रक्तातल्या पेशींपासून वाढवलेल्या लिम्फोसाइटच्या ओळींमध्ये मोजलेला आहे ना? फुप्फुसाच्या एंडोथेलियममध्ये तेच असेल असं गृहीत धरावं लागतं.

दुसरी_ओपीडी

हो, रक्तातल्या पेशी-ओळींतलाच. तेवढी अर्धी हरकत तुमच्याकडे ठेवा.

उंदीरशास्त्री

कारण आधी की परिणाम आधी, हे रॅटमध्ये दोन प्रकारे सोडवता येतं.

एक, वेळेप्रमाणे नमुने. सुजेन-हायपॉक्सियात पहिल्या आठवड्यात एंडोथेलियल पेशी मरतात, ३ आठवड्यांना मधला थर जाड, ५ ते ८ आठवड्यांत आतून बुजत जाणाऱ्या वाहिन्या, १३-१४ आठवड्यांना प्लेक्सिफॉर्मसारखे गुंते. भिंत बदलण्याच्या आधीच हललेलं जनुक वेगळं, नंतर हललेलं वेगळं. एकाच वेळी ८ विरुद्ध ८ करण्यापेक्षा चार वेळा ५ विरुद्ध ५ मधून जास्त कळेल.

दुसरं मला स्वतःला सगळ्यात देखणं वाटतं. डावी फुप्फुसीय धमनी बांधून अरुंद करायची. डाव्या फुप्फुसातला दाब आणि प्रवाह उतरतो, उजव्यात चढाच राहतो. औषध तेच, हायपॉक्सिया तोच, प्राणी तोच. २०१६ मध्ये असं दाखवलं गेलं की भार उतरलेल्या डाव्या बाजूला बुजलेल्या वाहिन्या टळतात, झालेल्याही माघारी जातात. म्हणजे बुजण्यामागे दाबाचा ताण मोठा धनी आहे. आता याच्या दोन्ही बाजूंचा आरएनए घ्या: दोन्हीकडे सारखं बदललेलं जनुक औषध-हायपॉक्सियाचं, फक्त उजवीकडे बदललेलं ताणाचं.

अर्धवट_आरएनए

हे भारी आहे. आणि माउस? स्वस्त पडतो.

उंदीरशास्त्री

माउसला एसयू५४१६ दर आठवड्याला टोचलं तरी तो फारसं मनावर घेत नाही. दाब थोडा वाढतो, वाहिन्या रॅटसारख्या बुजत नाहीत. एंडोथेलियममधून ईजीएलएन१ (हिफला आवर घालणारं जनुक) काढलेल्या माउसमध्ये मात्र हिफ-२ अल्फा मोकाट सुटतो आणि आजार तीव्र होतो. मोनोक्रोटॅलिन रॅटला ६० मिग्रॅ प्रति किलो एकदाच, ३-४ आठवड्यांत दाब चढतो. पण त्याला आधी यकृतात सक्रिय व्हावं लागतं आणि यकृत-हृदयालाही ते चावतं. त्यात औषधाचा 'फायदा' दिसला तर औषधानं फुप्फुस वाचवलं की मोनोक्रोटॅलिन सक्रिय होणंच अडवलं, हे विचारा.

मधली_सुट्टी

अवांतर: ते नवीन इंजेक्शन, सोटाटरसेप्ट, ते या जनुकांच्या भानगडीतूनच आलं का?

दुसरी_ओपीडी

त्यातूनच. बीएमपीआर२ चा मार्ग क्षीण, स्मॅड२/३ चा अ‍ॅक्टिव्हिनवाला मार्ग जोरात, अशी तराजू कललेली असते. सोटाटरसेप्ट अ‍ॅक्टिव्हिन रक्तातच पकडून ठेवतं. दर ३ आठवड्यांनी त्वचेखाली, सुरुवात ०.३ आणि मग ०.७ मिग्रॅ प्रति किलो. २०२३ च्या स्टेलर चाचणीत ६ मिनिटांच्या चालण्यात प्लासिबोपेक्षा ४०.८ मीटरची भर, आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता. हिमोग्लोबिन चढतं, प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून सुरुवातीला प्रत्येक डोसआधी दोन्ही तपासतात. भिंती माघारी जातात का, याचा प्राण्यांतला पुरावा चांगला आहे. माणसांत रोध उतरतो हे मोजलंय. रोध उतरला म्हणजे भिंत पातळ झाली असं लिहिणारे मात्र घाईत आहेत.

निळी_शाई

सगळ्यांना दंडवत. मी उचललेलं असं: डावं फुप्फुस काचपट्टीला, उजवं आरएनएला, एकाऐवजी चार वेळा नमुने, १, ३, ५ आणि ८ आठवडे, गाळणींचा ठिपक्यांचा तक्ता पेशीप्रकारानुसार, मग रॅटच्याच सिंगल न्यूक्लियस संदर्भावरून डीकन्व्होल्यूशन करून पेशींचे वाटे काढायचे आणि ते मॉडेलमध्ये सहचल (ज्याचा परिणाम वेगळा काढायचा तो घटक) म्हणून घालायचे. जी जनुकं त्यातून टिकतील त्यांनाच 'अभिव्यक्ती बदलली' म्हणायचं, बाकीच्यांना 'ऊतकातलं प्रमाण बदललं'. चालेल?

गाळणी

जवळपास. डीकन्व्होल्यूशन पेशींचा नाही, आरएनएचा वाटा देतं, हे लिहा. मोठी पेशी जास्त आरएनए देते आणि जाडावलेल्या भिंतीतल्या पेशी मोठ्या झालेल्याही असतात. संदर्भात आजारी आणि निरोगी दोन्ही प्राणी हवेत. आणि वाटे सहचल म्हणून घालताना जपून. वाटा आजाराशी घट्ट बांधलेला असेल तर तो घातल्यावर खरा परिणामही नाहीसा होतो. घालून आणि न घालता, दोन्ही निकाल छापा.

काचपट्टी

शेवटी जी पाचसहा जनुकं टिकतील, त्यांचं इन सिटू हायब्रिडायझेशन (कापातच आरएनए ठिपक्यांसारखा दाखवणारं तंत्र) करा, अल्फा-एसएमएच्या रंगवणीसोबत, आणि प्रत्येक केंद्रकामागे ठिपके मोजा. जाड भिंत आणि पातळ भिंत एकाच कापात शेजारी मिळतात. प्रत्येक केंद्रकामागे ठिपके वाढले तर अभिव्यक्ती, तेवढेच राहिले आणि केंद्रकं वाढली तर संख्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर दुसरं कुठलं तंत्र देणार नाही. केंद्रकं दाटीनं असतील तर ठिपका कोणाचा हे ठरवताना ५ मायक्रॉनपेक्षा जाड काप घेऊ नका.

उंदीरशास्त्री

आणि चारही वेळांना त्या-त्या वयाचे कंट्रोल, व्हेइकल टोचलेले. १ आठवड्याच्या कंट्रोलशी ८ आठवड्यांचा आजारी रॅट ताडला तर तेवढ्यात रॅट वाढलेला असतो, आणि वाढीची जनुकं आजाराच्या यादीत येऊन बसतात.

तळटीप

अ‍ॅक्टा२ सकट.